पुरात चाललेला भोंगा : नदीकाठच्या गावासाठी घेतलेल्या ध्वनिक्षेपक संचाचे परीक्षण

शंभर वॉटचा एक ॲम्प्लिफायर, चार भोंगे, एक माईक आणि १२ व्होल्टची एक बॅटरी, एवढाच हा संच आहे. लग्नाच्या मांडवात, जत्रेत, निवडणुकीच्या जीपवर असा संच आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. आमच्या ग्रामपंचायतीने तो २०२२ च्या उन्हाळ्यात केवळ पुरासाठी म्हणून घेतला आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत तो वापरून पाहिला. नदीकाठच्या इतर गावांनाही अशी खरेदी करावीशी वाटत असेल, तर आमचा अनुभव त्यांच्या उपयोगी पडावा, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

आमचे गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते त्याच्या थोडे अलीकडे आहे. गावठाण उंचवट्यावर असले, तरी मळीच्या रानातल्या वस्त्या सखल भागात आहेत आणि पूर आला की पाणंद आधी बुडते, त्यामुळे वस्त्यांचा गावाशी असलेला रस्ता सर्वांत आधी तुटतो. संच निवडण्याचे काम माझ्याकडे आले त्याला कारण होते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत गावातली माणसे एकमेकांशी कशी बोलली, कोणती बातमी कोणाकडून कोणाला कळली आणि ती ऐकून कोणी काय केले, याची माहिती मी आमच्या शाळेतल्या मुलांना बरोबर घेऊन घरोघरी जाऊन गोळा केली होती. त्या चौकशीत जे हाती लागले, त्यावरूनच काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही हे ठरले. म्हणून संचाविषयी सांगण्याआधी त्या चौकशीविषयी सांगणे आवश्यक आहे.

कोल्हापूर शहरालगतच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथे पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्याही वर गेले. २०१९ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. अशा वेळी गावांना बातमीच मिळाली नसेल, अशी आमची सुरुवातीची समजूत होती. प्रत्यक्षात जवळजवळ प्रत्येक घरात उलट ऐकायला मिळाले. पहिल्या दोन दिवसांत मोबाईलवर संदेशांचा नुसता मारा होता, त्यात कुठल्या तरी जुन्या पुराच्या चित्रफिती होत्या, धरण फुटल्याची आवई होती आणि तिच्याच खाली ती आवई खोटी असल्याचा खुलासाही होता. त्यातले खरे कोणते हे ठरवायला कोणाला उसंत नव्हती. तिसऱ्या दिवशी वीज गेलेली, मोबाईलच्या बॅटऱ्या उतरलेल्या आणि टॉवर बंद पडलेला, त्यामुळे खरे-खोटे दोन्ही थांबले. एका बाईंनी मुलांना सांगितले, "आधी एवढं ऐकू येत होतं की काय करावं सुधरत नव्हतं, आणि मग काहीच ऐकू येईना." आमच्या वहीत या वाक्याइतकी नेमकी दुसरी नोंद नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. शासकीय पूरपत्रकातील माहिती अचूक असते, पण ती गावातल्या माणसाच्या उपयोगाच्या भाषेत नसते. "राधानगरी धरणाचे ५ स्वयंचलित दरवाजे उघडले, एकूण विसर्ग ८,५४० क्युसेक" हा संदेश आमच्याकडे सर्वांना आला होता. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटते, म्हणजे पाच दरवाजांचे ७,१४० होतात आणि उरलेले वीजगृहातून येते, हा हिशेब मला शाळेच्या फळ्यावर मांडता येतो. परंतु मळ्यात चार म्हशी बांधलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. पाणी माझ्या गोठ्याशी येणार का, आणि येणार असेल तर रात्रीच्या आत की उद्या दुपारी, एवढेच त्याला हवे असते.

त्याहून गंभीर घोळ कोल्हापूरच्या आकड्यामुळे झाला. कृष्णा भरून वाहत असली की संगमाजवळ पंचगंगेचे पाणी तुंबते, त्याला आमच्याकडे फूग म्हणतात. या फुगेमुळे कोल्हापुरात पाणी उतरू लागल्यावरही शिरोळकडे ते चढतच राहते आणि ओसरायलाही उशीर लागतो. २०१९ मध्ये "राजाराम बंधाऱ्यावर पातळीत घट" अशी बातमी कानावर येताच आमच्या एका वस्तीवरची माणसे सोडवून आणलेली जनावरे घेऊन परत निघाली होती. बातमी खरी होती, पण ती आमच्या गावासाठी नव्हती. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्या नावाड्याने त्यांना थांबवले. त्याने ना आकडा पाहिला होता ना मोबाईल, त्याला पाण्यावरचा फेस उलट्या बाजूला सरकताना दिसला होता.

मग लोकांनी विश्वास कशावर ठेवला, हे आम्ही प्रत्येक घरात विचारले. उत्तरे शब्दांनी वेगळी असली तरी एकाच ठिकाणी येत होती. ओळखीच्या माणसाने, ओळखीच्या आवाजात, गावातल्या खुणेवरून सांगितले तेव्हा माणसे हलली. मारुतीच्या देवळाची तिसरी पायरी, शाळेचा उंबरा, पिंपळाचा पार आणि चावडीच्या भिंतीवर कोणी तरी कोळशाने ओढलेली २००५ च्या पुराची रेघ या त्या खुणा होत. नृसिंहवाडीला दत्तमंदिराच्या उत्तरद्वारातून पाणी आत येऊन दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा झाला म्हणतात आणि भाविक त्या पाण्यात स्नानाला जातात. आमच्या गावच्या जुन्या माणसांना मात्र त्या एका बातमीवरून आपल्याकडे पाणी कोणत्या बांधापर्यंत आले असेल याचा अंदाज बांधता येतो. २०२१ मध्ये वीज नसताना कोतवालांनी हलगी वाजवून, कमरेएवढ्या पाण्यातून फिरून दवंडी दिली होती. ती गावठाणात प्रत्येकाला आठवते, पण मळ्यातल्या वस्त्यांपर्यंत पोचली नव्हती. संच घ्यावा असे ठरले ते या एका कारणासाठी, कोतवालांचा आवाज पाण्यापलीकडे जावा म्हणून.

आता संचाकडे वळतो. ॲम्प्लिफायर निवडताना तो घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर असा दोन्हीवर चालला पाहिजे, ही आमची पहिली अट होती. ज्या ॲम्प्लिफायरला मागे बॅटरीचे लाल-काळे टर्मिनल नाही, तो कितीही मोठ्या वॉटचा असला तरी पुरात त्याचा उपयोग नाही, कारण पूर आला की उपकेंद्र पाण्यात जाते आणि मग वीज कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. १२ व्होल्टचा दुसरा फायदा असा की ट्रॅक्टरची बॅटरी याच व्होल्टेजची असते आणि गावात ट्रॅक्टरना तोटा नाही. आमची बॅटरी १०० अँपिअर-अवरची आहे. भोंगा सलग चालवायचा नसतो. तासाला पाच-सात मिनिटे बोलून ॲम्प्लिफायर पूर्ण बंद केला, तर दिवसभरात बॅटरीचा साधारण पाव हिस्सा खर्च होतो आणि तीन दिवस निर्धास्त जातात. तो नुसता चालू ठेवून दिला तर मात्र न बोलताही बॅटरी खातो. ही शिस्त आम्हाला पहिल्या पावसाळ्यात लागली नव्हती, आता माईकजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली आहे.

आवाजाबद्दल समाधानाने सांगता येते. शांत हवेत, रात्रीच्या वेळी, पसरलेल्या पाण्यावरून भोंग्याचा आवाज दिवसापेक्षा कितीतरी लांब जातो, कारण पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की आवाज वर न जाता खाली वाकतो. जुनी माणसे "पाण्यावर आवाज पळतो" म्हणतात ते याच अनुभवावरून. याउलट मुसळधार पाऊस पत्र्यावर कोसळत असताना पत्र्याच्या घरात बसलेल्या माणसाला दोनशे पावलांवरचा भोंगाही नीट कळत नाही. यावर मोठा ॲम्प्लिफायर हा उपाय नाही, पाऊस जरा उघडला की तेवढ्यात बोलून घेणे हाच उपाय आहे.

दोष मुख्यतः जोडणीत निघाले. ज्या दुकानातून आम्ही संच घेतला, त्यांनी चारही भोंगे बारीक तारेने सरळ ॲम्प्लिफायरच्या ८ ओहमच्या, म्हणजे जवळच्या भोंग्यासाठी असलेल्या, टर्मिनलला जोडून दिले. ग्रामपंचायतीच्या छपरावरचा भोंगा कान फाडत होता आणि मळ्याच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीवर लावलेला चौथा भोंगा कुजबुजत होता. लांबच्या भोंग्यासाठी १०० व्होल्टची लाईन, म्हणजे व्होल्टेज वाढवून आवाज लांब पाठवणारी जोडणी, वापरायची असते आणि प्रत्येक भोंग्याजवळ एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा असतो, म्हणजे साध्या तारेतूनही आवाज वाटेत मरत नाही. हे ज्ञान आम्हाला इचलकरंजीच्या एका मांडववाल्यांनी दिले आणि ट्रान्सफॉर्मरही त्यांनीच बसवून दिले. दुकानदाराने विकण्यापूर्वी भोंगे किती अंतरावर लावणार एवढे जरी विचारले असते, तरी आमचा एक पावसाळा वाया गेला नसता. पुरासाठी घेतलेली वस्तू आहे हे सांगूनही त्याने विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

भोंग्याचे तोंड किंचित खाली झुकवून लावावे. आमच्या एका भोंग्याचे तोंड आडव्याऐवजी जरासे वर राहिले होते. त्यात पावसाचे पाणी साचून ड्रायव्हर युनिटचा, म्हणजे भोंग्यामागच्या आवाज काढणाऱ्या डब्याचा, पडदा गेला. पडदा स्वस्त असतो आणि बदलता येतो, पण तो घरात असावा लागतो, म्हणून दोन पडदे आम्ही आता दप्तरातच ठेवतो. माईकवर तोंड टेकवून ओरडण्याने पडदा लवकर फाटतो आणि शब्दही फाटतात. घाबरलेला माणूस नेमके तेच करतो, त्यामुळे बोलणारा माणूस आधीपासून ठरलेला असणे हा संचाचाच एक भाग मानला पाहिजे.

कसे बोलावे यासाठी आम्ही बराच वेळ घालवला आणि तो सर्वांत कारणी लागला असे माझे मत आहे. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. दोन भोंगे एकमेकांपासून तेवढ्या अंतरावर असले की त्यांतल्या एकाजवळच्या माणसाला तोच शब्द एका सेकंदाच्या अंतराने दोनदा ऐकू येतो आणि भरभर बोललेले सगळे वाक्य एकमेकांत मिसळते. कोतवालांना हे समजावून सांगावे लागले नाही. दवंडीत ते चार शब्द बोलून थांबतात, हलगीचे दोन ठोके देतात आणि मग पुढचे चार शब्द बोलतात. आम्ही माईकपुढेही तसेच ठेवले, हलगीसुद्धा तीच. हलगी वाजली की ही ग्रामपंचायतीची खरी सूचना, हे गावाला वेगळे शिकवावे लागले नाही. तयार सायरनची ध्वनिफीत लावण्याचा आग्रह काही तरुणांनी धरला होता. सायरन ऐकून माणसे दारात येतात खरी, पण पुढे काय करायचे हे त्यातून कळत नाही, म्हणून मी त्याला विरोध केला.

सूचनेचा मजकूरही ठरलेला आहे. पाणी आत्ता कोणत्या खुणेला आहे, मागच्या सूचनेपासून ते किती चढले, कोणत्या वस्तीने निघायचे आणि पुढची सूचना कधी, इतकेच त्यात असते. चढलेले पाणी हात आणि वितीत सांगायचे. राजाराम बंधाऱ्याचा आकडा सांगायचाच झाला तर शेवटी, आणि "हे कोल्हापूरचे पाणी आहे, आपले नव्हे" असे जोडूनच सांगायचे. "पुढची सूचना नऊ वाजता" हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते, कारण त्यामुळे मधल्या वेळात उठलेल्या आवईंना "नऊ वाजता कळेल" असे उत्तर घराघरांत मिळू लागले. नऊ वाजता सांगण्यासारखे नवे काही नसले तरी बोलायचे, हाही नियम आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर बंदी असते, मग रात्री बोलता येईल का, अशी शंका ग्रामसभेत निघाली होती. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत सार्वजनिक आपत्तीच्या प्रसंगाला या बंदीतून सूट आहे. तरीही पोलीस पाटलांमार्फत ठाण्याला आधी कळवून ठेवणे चांगले.

संचाचा खरा दोष एकच आहे आणि तो कोणत्याही कंपनीचा संच घेतला तरी राहणार. भोंगा सांगतो, पण ऐकत नाही. मळ्यातल्या माणसाने ऐकले की नाही, त्याला नाव हवी आहे की नको, घरात कोणी आजारी आहे का, यातले काही परत येत नाही. आधीच्या चौकशीत हीच तक्रार आम्हाला मोबाईलच्या संदेशांबद्दलही ऐकू आली होती, सांगणारे पुष्कळ होते पण विचारणारे कोणी नव्हते. म्हणून संचाबरोबर प्रत्येक वस्तीला एक टॉर्च देऊन खुणा ठरवल्या. रात्रीची सूचना संपली की टाकीवर उभ्या असलेल्या मुलांकडे रोखून टॉर्च तीनदा उघडझाप केली तर सगळे ठीक, आणि गोल फिरवली तर नाव पाठवा. दिवसा त्याच अर्थाने छपरावर पांढरे किंवा लाल लुगडे वाळत घालायचे. टॉर्चचा खर्च संचाच्या मानाने काहीच नाही, पण टॉर्चशिवाय हा संच घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने पुन्हा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. गावातली वीज गेली होती. रात्री नऊच्या सूचनेच्या वेळी मी टाकीवर होतो. खाली चावडीत कोतवालांची हलगी वाजली आणि पाठोपाठ चारही भोंग्यांतून त्यांचा आवाज आला, "पाणी पाराला लागलंय… खालच्या मळ्यानं… जनावरं सोडून… शाळंत यायचं." समोर सगळीकडे काळे पाणी होते आणि उसाचे शेंडे तेवढे दिसत होते. मग एकेक टॉर्च उघडझाप करू लागली. आम्ही वस्त्यांची नावे वहीत खुणावत होतो. एका वस्तीची टॉर्च दिसली नाही. कोतवालांना निरोप गेला, त्यांनी त्या घराचे नाव घेऊन पुन्हा हाक मारली, तरी उजेड दिसेना. मग दोन पोरे होडी घेऊन गेली. घरातली दोघे म्हातारी-म्हातारा जागी होती, त्यांनी दोन्ही वेळा ऐकले होते, बोचकी बांधून दारात बसली होती, पण टॉर्चचे सेल भिजले होते. "आमचं नाव घेतलेलं ऐकलं, म्हटलं येत्यात," एवढेच आजी म्हणाल्या. सेल भिजू नयेत म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देण्याची साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती, ती तेव्हापासून करतो.

मोबाईलवरून एकाच वेळी गावभर फोन लावून बोललेला निरोप ऐकवणाऱ्या टोल-फ्री सेवा आहेत आणि चोरी, आग, बिबट्या अशा प्रसंगी त्या चांगल्या चालतात. पुराच्या पहिल्या दिवशी, टॉवर चालू असेपर्यंत, गावाबाहेर राहणाऱ्या मुला-मुलींपर्यंत बातमी पोचवायला त्यांच्यासारखे साधन नाही, म्हणून भोंगा आहे म्हणून ती नोंदणी सोडू नये. हाताने धरायचा बॅटरीचा मेगाफोनही आम्ही घेतला आहे, नावेतून हाक मारण्यापुरता तो उत्तम आहे. त्याचे काम भोंग्याच्या कामाहून वेगळे आहे.

ट्रान्सफॉर्मर आणि बॅटरी धरून सारा खर्च चाळीस हजारांच्या आत झाला. खरेदी मे महिन्याच्या आत करावी, कारण पहिल्या पावसानंतर भोंगे बांधायला खांबावर चढणारा माणूस मिळत नाही. बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करावी आणि दर पंधरा ऑगस्ट-सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी हाच संच बाहेर काढावा, म्हणजे तो बिघडला असेल तर तेव्हाच कळते. ॲम्प्लिफायर तळमजल्यावर ठेवू नये. आमचा चावडीत, २००५ च्या रेघेच्या वर पुरुषभर उंचीच्या फळीवर होता. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा मोजून पाहिल्यावर ती फळीही बुडेल असे दिसले, म्हणून या उन्हाळ्यात तो शाळेच्या वरच्या मजल्यावर हलवत आहोत आणि तेवढी तार नवी घ्यावी लागणार आहे.